नेपल्समध्ये दुपारचा पिझ्झा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ओळखीचं कुणी इटलीला निघालं की मला फोन येतो, आणि मी सगळ्यांना एक गोष्ट आधी सांगते. नेपल्सचा पिझ्झा ताटात आल्यापासून दहा मिनिटांचा असतो. तव्यावरून उतरलेली भाकरी लगेच खाल्ली तर भाकरी, अर्ध्या तासाने तिचं चामडं होतं, तसंच इथेही. तुम्ही किती वाजता गेलात, कुठे बसलात, काय मागवलंत, फोटो किती काढलेत, या सगळ्याचा हिशेब शेवटी त्या दहा मिनिटांशी येऊन लागतो. ती दहा मिनिटं हाती लागावीत म्हणून काय काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी मूळची सांगलीची, गेली सात वर्षं इटलीत राहते, आणि संधी मिळेल तेव्हा दुपारच्या जेवणासाठी नेपल्स गाठते.

आधी एक दिवस काढा

आपल्याकडच्या बहुतेक सहलींत रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस असतं. नेपल्स एकतर नसतंच, नाहीतर पॉम्पेईला जाताना बसच्या खिडकीतून दिसतं. रोममध्ये तुमचा एक मोकळा दिवस असेल तर तो इथे खर्च करा. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून वेगवान गाडी सुमारे सव्वा तासात पोचवते. तिकीट जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त. साध्या प्रादेशिक गाड्याही आहेत, त्यांचं तिकीट बरंच कमी असतं, पण त्यांना दोन तासांहून जास्त लागतात. तिकिटावर आणि फलाटावर शहराचं नाव ‘नापोली’ असं दिसेल. उतरायचं ते नापोली चेंत्राले इथे. तिथल्याच मेट्रो स्टेशनचं नाव गारिबाल्दी आहे, तेव्हा नाव वेगळं दिसलं म्हणून गोंधळू नका.

सकाळी साडेआठ-नऊची गाडी धरा. दहा-साडेदहाला पोचलात की जुन्या शहरातून तासभर पायी फिरता येतं आणि साडेअकराला तुम्ही पिझ्झेरियाच्या दारात असता. जेवणाची गर्दी साडेबारानंतर वाढते. स्थानिक लोक दीड-दोनला जेवतात, तेव्हा तर नावाजलेल्या ठिकाणी तास-दीड तास उभं राहावं लागतं. रविवारी काही जुनी पिझ्झेरिया बंद असतात, आणि १५ ऑगस्टच्या आसपास, म्हणजे फेरागोस्तोच्या सुट्टीत, बरेच लोक दुकानाला कुलूप लावून समुद्रावर जातात. त्या दिवसांत जाणार असाल तर ठिकाण उघडं आहे ना, हे निघण्याआधी बघा.

हॉटेलच्या सकाळच्या बुफेला हात आखडता घ्या. एक पिझ्झा एका माणसाचा असतो, ताटाबाहेर येईल एवढा. पोटात जागा नसेल तर एवढ्या लांब येण्यात अर्थ नाही.

कुठे बसायचं

नेपल्समध्ये पिझ्झेरिया शोधावं लागत नाही. कुठलं निवडायचं एवढाच प्रश्न असतो. जुन्या शहरातल्या व्हिया देई त्रिबुनाली या लांबलचक अरुंद रस्त्यावर सोर्बिल्लो आणि दी मात्तेओ ही १९३०च्या दशकातली दोन ठिकाणं आहेत. १९९४ मध्ये नेपल्सला जी-सात देशांची परिषद झाली, तेव्हा बिल क्लिंटन दी मात्तेओमध्ये पिझ्झा खाऊन गेले होते. मातेरदेई वस्तीत १९०१ पासून चालू असलेलं स्तारिता आहे.

माझं आवडतं ठिकाण मात्र व्हिया चेझारे सेरसाले या छोट्या रस्त्यावरचं दा मिकेले. कोंदुर्रो कुटुंब १८७० पासून या धंद्यात आहे आणि आजच्या जागेत हे दुकान १९३० पासून आहे. मध्यवर्ती स्टेशनवरून पंधरा मिनिटांत पायी पोचता येतं, त्यामुळे एका दिवसासाठी आलेल्यांना सोयीचं. पांढऱ्या संगमरवराची टेबलं, भिंतीला टाइल्स, समोर भट्टी. टेबल मोठं असेल तर अनोळखी माणसांच्या शेजारी बसवतात. खानावळीत बसलेल्यांना त्याचं काही वाटणार नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः दोनच पिझ्झा मिळत आले, मारिनारा आणि मार्गेरिता. यादी आता थोडी वाढली आहे, तरी अजूनही बोटांवर मोजण्याइतकीच. मला ते आवडतं याचं कारण हेच. जिथे दोनच पदार्थ करतात तिथे चूक लपवायला जागा नसते.

या नावांचा हट्ट मात्र धरू नका. रांग फार दिसली तर पुढच्या गल्लीत चला. चांगलं पिझ्झेरिया ओळखायला मी चार गोष्टी बघते. लाकडाची भट्टी दिसते का. पिठाचे गोळे ट्रेमध्ये झाकून ठेवलेले दिसतात का. यादी छोटी आहे का. आणि दारात उभं राहून कुणी हाताला धरून आत ओढत नाही ना. पदार्थांचे मोठाले रंगीत फोटो दारावर लावलेले असतील, यादी सहा भाषांत असेल, तर मी पुढे जाते. काही दुकानांवर पुल्चिनेल्लाचं, म्हणजे पांढरा झगा आणि काळा मुखवटा घातलेल्या नेपल्सच्या विदूषकाचं चित्र दिसेल, हातात भट्टीचं फावडं घेतलेलं. ती १९८४ मध्ये स्थापन झालेल्या पिझ्झेवाल्यांच्या संघटनेची खूण आहे. ती असली तर उत्तमच. नसली म्हणून दुकान वाईट ठरत नाही.

दारातली रांग

मोठ्या पिझ्झेरियात आधी टेबल राखून ठेवण्याची सोय बहुधा नसते. दारात एक माणूस असतो. काही ठिकाणी तो नाव लिहून घेतो, काही ठिकाणी आकडा छापलेली चिठ्ठी देतो. इथेच नवखे लोक फसतात. गर्दी बघून ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहतात, आणि रांग अशी काही नसतेच. जे उभे दिसतात ते आपला आकडा पुकारला जाण्याची वाट बघत असतात. आधी गर्दीतून वाट काढत दारापर्यंत जा, ‘सियामो इन दुए’ म्हणा, म्हणजे ‘आम्ही दोघं आहोत’, आणि चिठ्ठी घ्या. तिघं असाल तर ‘इन त्रे’, चौघं ‘इन क्वात्त्रो’.

चिठ्ठी हातात आली की आकडा इटालियनमध्ये कसा उच्चारतात ते लगेच फोनवर ऐकून ठेवा. माझ्या पहिल्या खेपेला, एका जुन्या पिझ्झेरियाच्या दारात, माझा आकडा सदुसष्ट होता. ‘सेस्सांतासेत्ते’ असं तीनदा पुकारलं गेलं आणि मी समोरच उभी राहून ते ऐकत होते. एकोणसत्तर नंबरवाले आत जाऊन बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं. दारातल्या माणसाने चिठ्ठी बघितली, मान हलवली आणि पुढची जागा मला दिली, म्हणून निभावलं. दर वेळी कुणी तसं करेलच असं नाही.

आणि एक. एकटे असाल तर लाजू नका. एकट्या माणसाला मोठ्या टेबलाच्या कोपऱ्यात चटकन जागा मिळते. माझी कितीतरी चांगली जेवणं एकटीची झाली आहेत.

काय मागवायचं

पहिल्यांदा जात असाल तर मारिनारा किंवा मार्गेरिता. तिसरं नाव काढू नका. दोघं असाल तर एकेक मागवा आणि अर्धं अर्धं अदलाबदल करा.

मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल असतं. चीज नसतं. नावात समुद्र असला तरी मासळीही नसते. जे लोक ‘चीज नाही, मग पिझ्झा कसला’ म्हणतात, त्यांना मी पहिली हीच खायला लावते. टोमॅटो हाताने कुस्करलेला असतो, त्याची आंबट-गोड चव थेट जिभेवर येते, आणि लसणीच्या पातळ चकत्या भट्टीच्या आचेने कडेला किंचित तांबूस झालेल्या असतात. वासाने आपल्याला फोडणीची आठवण होते. ओरेगानोचा वास ओळखीचा वाटला तर नवल नाही. गजऱ्यात आपण जो मरवा ओवतो, तो त्याच कुळातला.

मार्गेरितावर टोमॅटो, मोझ्झारेला, तुळशीसारखी पानं आणि तेल. ही पानं आपल्या वृंदावनातल्या तुळशीची नाहीत. आपण ज्याचं बी भिजवून सरबतात घालतो, तो सब्जा आणि ही पानं एकाच जातीची. मार्गेरिताची गोष्ट तुम्हाला तिथे कुणी ना कुणी सांगेलच: १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली, राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झेवाल्याने तिच्यासाठी तीन पिझ्झे केले, तिला लाल-पांढरा-हिरवा आवडला आणि त्याला तिचं नाव पडलं. राणीच्या महालातून आलेलं आभाराचं पत्र ब्रांदी या पिझ्झेरियात जपून ठेवलेलं आहे. त्या पत्राच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांनी शंका घेतली आहे, आणि टोमॅटो नसला तरी मोझ्झारेला आणि ही पानं घातलेल्या पिझ्झ्याचं वर्णन त्याआधीच्या लिखाणातही सापडतं. गोष्ट ऐका, आवडली तर लक्षात ठेवा, पण तेवढ्यासाठी ब्रांदीची वाट धरायची गरज नाही.

मोझ्झारेला दोन प्रकारचं असतं. गायीच्या दुधाचं ते फियोर दी लात्ते, म्हशीच्या दुधाचं ते बुफाला. आपण म्हशीच्या दुधावर वाढलेली माणसं, त्यामुळे बुफाला लिहिलेलं दिसलं की हात तिकडे जातो. माझं मत वेगळं आहे. बुफालाला पाणी जास्त सुटतं, पिझ्झ्याच्या मधोमध तळं होतं आणि दहा मिनिटांची पाच होतात. बुफाला गार, नुसतं, टोमॅटोच्या फोडींबरोबर खा. पिझ्झ्यावर फियोर दी लात्ते बरं.

दुसऱ्या खेपेला जाल तेव्हा ‘प्रोव्होला ए पेपे’ घ्या. प्रोव्होला म्हणजे धुरावलेलं मोझ्झारेला, वर काळी मिरी. आपल्या तोंडाला हा धूर फार आवडतो.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा

नेपल्स शाकाहारी माणसाला उपाशी ठेवत नाही, पण यादीतले शब्द माहीत हवेत. सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो ‘पेपेरोनी’ या शब्दाने. आपल्याकडच्या पिझ्झा दुकानांत पेपरोनी म्हणजे मांसाच्या चकत्या. ती अमेरिकेतून आलेली भाषा. इटलीत ‘पेपेरोनी’ म्हणजे भोपळी मिरची, बिनधास्त मागवा. उलट ‘दियावोला’ वाचून कुणी तिखट भाजीची कल्पना करेल, तर त्यावर तिखट सलामी असते.

‘प्रोशुत्तो’, ‘सलामे’, ‘साल्सिच्चा’, ‘चिकोली’ हे सगळे डुकराचे प्रकार. ‘आलिची’ किंवा ‘आच्चुगे’ हे छोटे खारवलेले मासे, ‘तोन्नो’ म्हणजे टूना. ‘फुंगी’ म्हणजे मशरूम, ‘मेलांझाने’ वांगी. ‘फ्रियारिएल्ली’ ही नेपल्सची लाडकी पालेभाजी, मोहरीच्या पाल्यासारखी कडवट, पण ती बहुतेक वेळा साल्सिच्चाबरोबर येते. ‘सेंझा कार्ने’ म्हणजे मांस नको. बाई असाल तर ‘सोनो वेजेतारियाना’, पुरुष असाल तर शेवटी ‘आना’च्या जागी ‘आनो’.

अंडं-मांस न खाणाऱ्या पण चीज चालणाऱ्यांसाठी मार्गेरिता ठीक. जे चीजमधलं विरजणही पाहतात, त्यांनी एक लक्षात घ्यावं: इटलीतल्या बऱ्याच चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, पार्मिजानो या कडक चीजमध्ये तर नेहमीच. त्यांच्यासाठी मारिनारा सगळ्यांत निर्धास्त. जैन मंडळींनी मार्गेरिता मागवताना ‘सेंझा आल्यो’, म्हणजे लसूण नको, एवढं सांगावं. तिथल्या लाल रसात एरवीही टोमॅटो आणि मीठ यापलीकडे काही घालत नाहीत, कांदा तर नाहीच.

तळणीच्या पदार्थांत जपून. बटाट्याच्या लांबट ‘क्रोक्के’मध्ये काही ठिकाणी सलामीचे तुकडे असतात, ‘फ्रित्तातीना’ या पास्त्याच्या वड्यात बहुधा मांस असतंच. विचारल्याशिवाय खाऊ नका. पण ‘शुरिल्ली’ दिसले तर सोडू नका. ती भोपळ्याच्या फुलांची भजी. कधीकधी आत चीज भरलेलं असतं, तेवढं विचारून घ्या. कोकणात आजीच्या हातची खाल्ली असतील तर पहिल्या घासाला डोळे मिटतील.

भट्टीकडे तोंड करून बसा

जागा निवडता आली तर भट्टी दिसेल अशी निवडा. पिझ्झा करणाऱ्याला पिझ्झायोलो म्हणतात, भट्टीसमोर उभा असतो तो फोर्नायो. ही कला डिसेंबर २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्या यादीत पदार्थाचं नाव नाही, करणाऱ्याच्या हाताचं आहे. बसल्या जागेवरून ते हात बघता येतात.

गेल्या वर्षी आईला घेऊन गेले होते. आई आयुष्यभर ज्वारीची भाकरी थापत आली आहे. मी यादीत डोकं घातलं होतं आणि ती टक लावून समोर बघत होती. मग मला कोपराने ढोसून म्हणाली, “अगं बघ, हा लाटत नाही, थापतोय. आणि कडेला हातच लावत नाहीये.” मी मान वर केली. तो बोटांची टोकं मधोमध दाबून पीठ बाहेर सारत होता, मग एक बाजू धरून दुसऱ्या हातावर फटका मारल्यासारखा उलटवत होता, आणि कड दर वेळी तशीच सोडत होता. आतली हवा कडेकडे ढकलली जात होती. ती कड भट्टीत फुगते, तिला कोर्निचोने म्हणतात. भाकरीत आपण कड पातळ करत जातो, इथे मध्य पातळ करतात. मी तिथे कितीदा गेले होते, पण हे आई बरोबर आल्यावर दिसलं.

मग तिने फोर्नायोकडे बोट दाखवलं. तो लांब दांड्याच्या फावड्याने पिझ्झा फिरवत होता, पण उचलून परत त्याच जागी ठेवत होता. “जागा बदलली तर करपेल,” आई म्हणाली. “त्या जागेचा ताव पिझ्झ्याने ओढून घेतलाय. बाजूची फरशी जास्त तापलेली असणार.” युरोपीय संघाने २०१० मध्ये नेपल्सच्या पिझ्झ्याची जी नियमावली मान्य केली, तिच्यात अगदी हेच लिहिलेलं आहे: भट्टीतल्या एकाच जागी फिरवायचा, नाहीतर दोन वेगळ्या तापमानांमुळे करपतो. आईने ती नियमावली वाचलेली नाही.

त्याच नियमावलीतले आणखी काही आकडे सांगते, कारण त्यातून दहा मिनिटांचा उलगडा होतो. एक लीटर पाण्याला १.८ किलो पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ आणि यीस्ट फक्त ३ ग्रॅम. इतक्या कमी यीस्टवर पीठ फुगायला तास न्‌ तास लागतात, म्हणून ते हलकं होतं. पिझ्झ्याचा व्यास ३५ सेंटिमीटरच्या आत, कड १ ते २ सेंटिमीटर उंच. भट्टीचं तापमान ४३० ते ४८५ अंश सेल्सियस, भाजायचा वेळ ६० ते ९० सेकंद. आपल्या घरचा ओव्हन जेमतेम अडीचशे अंशांपर्यंत जातो. इतक्या तापात दीड मिनिटातच बाहेर डाग पडतात आणि आत ओलावा राहतो. त्यामुळे पिझ्झा कुरकुरीत होत नाही, मऊ आणि लवचीक होतो. अमेरिकी पद्धतीचा पिझ्झा खाल्लेल्यांना वाटतं की कच्चा राहिला. राहिलेला नसतो. कडेवरचे काळे ठिपके म्हणजे भाकरीवरचे तव्याचे डाग समजा. खालून बघा, ठिपके असावेत, अख्खी काळी पाठ नसावी.

आता घड्याळ का चालू होतं ते बघा. मधला भाग अडीच-तीन मिलिमीटरचा, वर टोमॅटोचा रस, वितळलेलं चीज आणि तेल. ताटात आल्याबरोबर रस खाली मुरायला लागतो. कडेतली वाफ निवते आणि कड चिवट होते. चीज गार झालं की रबर.

ताट समोर आल्यावर

फोटो एकच काढा. मग फोन पालथा ठेवा.

पिझ्झा अख्खा येतो, कापलेला नसतो. काटा-सुरी घ्या, तिथले लोकही घेतात. हाताने खाणं हेच खरं, असं समजून काटा-सुरी बाजूला सारण्यात अर्थ नाही, कारण मधला भाग इतका ओला असतो की उचलताना सगळं ताटात सांडतं. मी असं करते: आधी चार भाग करते. एका भागाचं टोक, म्हणजे मधला ओला कोन, काट्या-सुरीने दोन-तीन घासांत खाऊन टाकते. उरलेला कडेकडचा भाग घडी घालून हातात धरते आणि खाते. असं केलं की सगळ्यांत नाजूक भाग सगळ्यांत गरम असताना पोटात जातो.

वर काही टाकू नका. चिली फ्लेक्सची पुडी, ओरेगानोची पुडी, केचप, यातलं काही टेबलावर नसेल. मिरचीचं तेल मागितलं तर काही ठिकाणी मिळतं, ‘ओलिओ पिकान्ते’ म्हणा, पण पहिला अर्धा पिझ्झा त्याच्याशिवाय खा. पाकिटात मिरची पूड घेऊन फिरणाऱ्या माझ्या मामांना मी हीच अट घातली होती. त्यांनी पुडी काढली ती शेवटच्या चतकोराला.

आपल्याकडची सवय एक मोठा मागवून चौघांत वाटायची. इथे तसं करू नका. माणशी एक ही पद्धत आहे, आणि टेबल अडवून एकात चौघांनी जेवणं वाढपी मंडळींना रुचत नाही. लहान मुलं असतील तर दोघांत एक चालतं, कुणी काही म्हणत नाही. गप्पा मारा, पण खात खात मारा. कुणाचा पिझ्झा आधी आला तर त्याने बाकीच्यांसाठी थांबू नये, सुरू करावं. आपल्या शिष्टाचारात हे बसत नाही, म्हणून टेबलावर बसतानाच सांगून ठेवा.

कड टाकू नका. शेवटी तिच्या तुकड्याने ताटातला रस आणि तेल पुसून घ्या. आपण भाकरीने आमटी पुसतो तसं. तिकडे याला ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात, आणि घरोघरी करतात.

पाणी, बिल वगैरे

पाण्याची बाटली विकत घ्यावी लागते. ‘नातुराले’ म्हणजे साधं, ‘फ्रिझ्झांते’ बुडबुड्यांचं. पिझ्झ्याबरोबर बियर हीच तिथली जोड, न घेणाऱ्यांना कोला मिळतो. बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो लावलेले दिसतील. ते टेबलाचे पैसे, फसवणूक नव्हे. टिप द्यायलाच हवी असं नाही. जुन्या ठिकाणी मार्गेरिता साधारण पाच ते सात युरोंत मिळते. बिल मागितल्याशिवाय येत नाही, ‘इल कोंतो’ म्हणा. कार्ड चालतं, तरी थोडे सुटे जवळ असू द्या. जेवण झालं की फार रेंगाळू नका, दारात पुढचे आकडे उभे असतात.

जागा मिळालीच नाही तर

गाडी पकडायची आहे आणि रांग हलत नाही, असं झालं तर हिरमुसू नका. ‘पिझ्झा आ पोर्ताफोल्यो’ मागा. छोटा पिझ्झा चार घड्या घालून कागदात देतात, पाकिटासारखा, म्हणून हे नाव. दी मात्तेओच्या बाहेरच्या काचेच्या कपाटातून तो रोज कितीतरी लोक घेऊन जातात. खाताना कमरेतून वाका, तेल खाली ओघळतं. डब्यात बांधून मात्र नेऊ नका. पुठ्ठ्याच्या डब्यात वाफ कोंडते आणि स्टेशनपर्यंत सगळं ओलं होतं.

दुसरा पर्याय तळलेला पिझ्झा, ‘पिझ्झा फ्रित्ता’. दुसऱ्या महायुद्धानंतर भट्टी आणि चीज परवडेना, तेव्हा बायका घराच्या दारात कढई मांडून हा विकायच्या. आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या, अशी उधारीची पद्धत होती. मूळ सारणात डुकराचे चिकोली असतात. ‘सेंझा चिकोली’ सांगितलं तर बऱ्याच ठिकाणी नुसत्या रिकोत्ता या मऊ चीजचा करून देतात. तो निम्म्यातच पोट भरतो, दोघांत एक पुरे.

मग कॉफी

पिझ्झेरियात कॉफीसाठी थांबू नका. बाहेर पडा, पहिल्या बऱ्या वाटणाऱ्या बारमध्ये शिरा. इटलीत बार म्हणजे कॉफीचं दुकान. जेवणानंतर दुधाची कापुच्चिनो कुणी पीत नाही. ‘उन काफे’ म्हटलं की दोन घोटांची काळी कॉफी येते, काउंटरवर उभ्यानेच प्यायची. कप चांगलाच तापलेला असतो, ओठ जपा.

कॉफीबरोबर पाण्याचा छोटा पेला ठेवतात. तो कॉफीच्या आधी प्यायचा, तोंड स्वच्छ व्हावं म्हणून. आईला हे सांगितलं तेव्हा तिने पेला बाजूला सारला. “टोमॅटोची चव अजून आहे तोंडात,” ती म्हणाली, “राहू दे जरा वेळ.” तेव्हापासून मीही ते पाणी नंतरच पिते.